निरवानिरवीचे बोलणे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकाने विचारले होते की ऐंशी ओलांडलेल्या आईला ‘तुझ्या पश्चात काय काय करायचे’ असे विचारणे अभद्रपणाचे ठरेल का. अभद्र मुळीच नाही, मात्र विचारायचे असेल तर तिचे उत्तर आपल्याला न आवडणारे असले तरी ऐकून घ्यावे लागेल, असे थोडक्यात उत्तर मी दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत. कायद्याविषयी जे लिहिले आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. प्रत्यक्ष कागद करण्यापूर्वी तो वकिलाच्या नजरेखालून घालावा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असून तो यकृतापर्यंत पसरला आहे, असे डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना खोलीबाहेर बोलावून सांगितले. वडिलांना आम्ही ‘आतड्याला सूज आहे’ एवढेच सांगितले आहे. आईलाही पूर्ण कल्पना नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी धाकट्या सुनेला कपाटातून सातबाऱ्याची पिशवी काढायला लावली आणि आत्याला गावाहून बोलावून घ्या म्हणाले. सांगावे तर ते हाय खातील, न सांगावे तर आम्हाला त्यांच्यासमोर बसवत नाही. काय करावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : सातबाऱ्याच्या पिशवीचे तुमचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचले. आपल्याला साधी सूज आहे अशी ज्याची खात्री असते, तो माणूस जमिनीचे कागद काढायला लावत नाही आणि बहिणीला बोलावूनही घेत नाही. वडिलांना बहुधा बरेच काही कळलेले आहे. अंगावरचे कपडे सैल होतात, जेवण जात नाही, मुले दार ओढून घेऊन बाहेर कुजबुजतात, भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता बरे दिसता हं’ म्हणतो, हे सगळे आजारी माणूस अंथरुणावरून पाहत असतो. तुम्ही त्यांच्यापासून लपवता, ते तुम्हाला त्रास नको म्हणून तुमच्यापासून लपवतात, आणि आईपासून तर सगळेच लपवतात. इतकी माणसे असलेल्या घरात वडील या आजारात एकटे पडले आहेत, ही गोष्ट मला आजाराइतकीच जड वाटते.

तुम्ही ‘सांगावे की न सांगावे’ असा प्रश्न विचारला आहे. त्याआधीचा प्रश्न असा की वडिलांना किती ऐकायचे आहे, आणि हे त्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले आहे की शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या उपचाराची संमती त्याच्याकडूनच घ्यायला हवी. त्या प्रकरणात भूल दिलेल्या रुग्णाऐवजी डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली होती, ती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. संमती द्यायची तर काय झाले आहे हे माहीत असावेच लागते. तेव्हा मुलांना खोलीबाहेर बोलावून सांगण्याची आपल्याकडची पद्धत कितीही रुळलेली असली, तरी तिला कायद्याचा आधार नाही.

याचा अर्थ उद्या सकाळी जाऊन त्यांना तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा असा मात्र नाही. आधी आईला सांगा, कारण तिला वगळून जे बोलणे होईल ते तिला आयुष्यभर लागून राहील. मग वेदनेच्या औषधाचा असर असेल अशा वेळी, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ नसताना, तुमच्यापैकी एका भावाने आणि आईने त्यांच्याजवळ बसावे. ‘बाबा, तुम्हाला स्वतःला काय वाटते, काय झाले असेल?’ एवढे विचारावे आणि थांबावे. हे थांबणे आपल्याला जमत नाही. अर्ध्या मिनिटाची शांतता भरून काढायला कोणीतरी ‘काही नाही हो, होईल सगळे नीट’ म्हणून टाकतो आणि तिथेच बोलणे संपते. त्यांनी काही सांगितले तर पुढे विचारावे, ‘डॉक्टर जे जे म्हणतात ते सगळे तुम्हाला ऐकायचे आहे, की आम्हीच बघावे?’ काही माणसे खरोखर म्हणतात, ‘तुम्हीच बघा, मला तपशील नको.’ तेही उत्तर मानावे. फक्त ते त्यांचे असावे, तुम्ही त्यांच्या वतीने ठरवलेले नसावे.

त्यांनी सरळच विचारले की ‘यातून मी उठणार का?’, तर ‘भलतेसलते बोलू नका’ म्हणून त्यांना झिडकारू नका. आजार बरा होण्यातला नाही असे डॉक्टर म्हणतात, पण त्रास कमी करण्याचे उपाय आहेत आणि आम्ही सगळे इथेच आहोत, इतके बोलणे पुरे होते. ते रडतील, कदाचित दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहतील. घरातली मंडळी मग ‘बघा, सांगायलाच नको होते’ म्हणतील. त्याने डगमगू नका. आपल्या मरणाची बातमी कळल्यावर माणसाला दुःख होणारच, आणि ते दुःख म्हणजे हाय खाणे नव्हे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात काम करताना मला अधिक घायाळ झालेली कुटुंबे दिसली ती उशिरा सांगणाऱ्यांची किंवा न सांगणाऱ्यांची होती. कोणाचे उसने द्यायचे राहिले होते, कोणाशी अबोला मिटायचा राहिला होता, आणि मुलांना ते मागाहून तिसऱ्याकडून कळले होते.

आत्याला लगेच बोलावून घ्या. त्यासाठी वरील संभाषण होईपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही.

वेदनेविषयीही लिहायला हवे. या आजारात पोटात आणि पाठीत असह्य दुखते, आणि ‘कर्करोग म्हटला की दुखणारच’ असे म्हणून ते सोसत बसण्याची गरज नाही. मॉर्फिनच्या गोळीची भीती आपल्याकडे डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांनाच असते. वास्तविक ती जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर रुग्णाला व्यसन लागेल ही धास्ती निराधार आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर ती मिळण्याची वाटही पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. तुमच्या डॉक्टरांना उपशामक उपचारांविषयी, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांविषयी विचारा. साताऱ्याहून जवळ म्हणजे पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी विनामूल्य काम करते आणि रुग्णासोबत घरच्यांनाही शुश्रूषा शिकवते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. अशा ठिकाणी ‘आता काहीच करण्यासारखे उरले नाही’ म्हणून शेवटच्या चार दिवसांसाठी जाऊ नये. जितक्या लवकर जाल तितका त्याचा उपयोग अधिक होतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई घरीच अखेरच्या अवस्थेत आहेत. आठ वर्षांच्या मुलीला त्यांच्या खोलीत जाऊ द्यावे का? घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे की तिला काही दिवस मामाकडे पाठवावे. (नाशिक)

उत्तर : मुलीला विचारा. तिला जायचे असेल तर आत काय दिसेल ते आधी सांगा : आजी डोळे उघडणार नाही, कदाचित ओळखणार नाही, तिच्या श्वासाचा घरघर असा आवाज येतो आणि तो ऐकून भीती वाटली तर लगेच बाहेर यायला हरकत नाही. हात धरायचा असेल तर धरू द्या. नको म्हणाली तर आग्रह करू नका. मामाकडे पाठवलेले मूल परत येते तेव्हा आजीची खाट रिकामी असते, आणि आपल्याला मुद्दाम दूर ठेवले हे त्याला चांगले कळते.

आजी गेल्यावर ‘देवाघरी गेली’ असे तुमच्या घरात म्हणत असाल तर जरूर म्हणा. पण त्याच्या जोडीला हेही सांगा की तिचे शरीर थांबले आहे, तिला आता दुखत नाही आणि ती परत येणार नाही. ‘झोपली’ एवढे मात्र सांगू नका, नाहीतर मुले रात्री झोपायला घाबरतात. ‘तू पण मरशील का?’ हा प्रश्न येईलच, तोही बहुधा वरणभात कालवताना. ‘हो, सगळेच मरतात, पण मी अजून पुष्कळ वर्षे तुझ्याजवळ असेन असे मला वाटते’ हे उत्तर आठ वर्षांच्या मुलीला पुरते. तोच प्रश्न ती पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारेल, तेव्हा उत्तरही तेच द्या.

प्रश्न : माझे वय ६६, यजमानांचे ७१. पैशाचे सर्व व्यवहार तेच बघतात. खाती किती, विमा कुठला, लॉकरची किल्ली कुठे, यातले मला काहीही ठाऊक नाही. विचारले की ‘माझ्या मरणाची वाट बघतेस का?’ म्हणून गप्प करतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला आहे. सासूबाई ९२ वर्षांच्या असून आमच्याकडेच असतात. यजमान म्हणतात, ‘सगळीकडे तुझे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, काळजी करू नको.’ तेवढे पुरेसे आहे ना? (सोलापूर)

उत्तर : पुरेसे नाही, आणि हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर जरा सविस्तर लिहिते. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा कंपनीने पैसे कोणाच्या हाती सोपवायचे त्या व्यक्तीचे नाव. ते पैसे कोणाचे, हे सहसा मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीत यावर बरीच वर्षे वाद होता. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला आणि नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क बुडत नाही, असा निकाल दिला. गृहनिर्माण संस्थेतल्या सदनिकेचेही तसेच आहे. राज्याच्या सहकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो, मालक नव्हे.

आता तुमच्या घरापुरते पाहू. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. आईचे नाव बहुतेकांच्या ध्यानातच नसते. म्हणजे यजमान आधी गेले, तर तुम्ही राहता त्या घराचा चौथा हिस्सा सासूबाईंचा होईल. पुढे त्याही मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्या चौथ्या हिश्शात त्यांची सगळी अपत्ये, म्हणजे तुमचे दीर आणि नणंदा, वाटेकरी होतील. त्यांच्या मनात काही वावगे नसले तरी प्रत्येक कागदावर त्यांच्या सह्या लागतील, आणि एक जण परदेशात असला की तेवढ्यासाठी काम अडून बसते. दोन परिच्छेदांचे मृत्युपत्र हे सगळे टाळू शकते. ते साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांनी त्यावर सही करायची असते. साक्षीदार शक्यतो यजमानांपेक्षा वयाने लहान आणि मालमत्तेत काही न मिळणारे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ती करून घेतलेली बरी. वय सत्तरीपुढे असल्यास त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून ठेवावे. आणि कृपा करून हे मृत्युपत्र फक्त यजमानांच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडायला कागद हवा आणि कागद लॉकरमध्ये, असा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, पण तो घडतो.

हे सगळे खरे असले तरी तुमची मूळ अडचण त्यांच्याशी बोलायचे कसे ही आहे. त्यांच्या मरणाचा विषय तुम्ही काढला की त्यांना तो आरोप वाटतो. म्हणून तुमच्या मरणापासून सुरुवात करा. तुमचे दागिने आहेत, तुमच्या नावाचे खाते असेल, माहेरहून आलेले काही असेल. ‘मी आधी गेले तर पाटल्या कोणाला द्यायच्या ते मला लिहून ठेवायचे आहे, मला यातले कळत नाही, जरा माझ्याजवळ बसता का?’ असे म्हणा. पैशाचे व्यवहार पाहणाऱ्या माणसाला मार्गदर्शन करायला आवडते. तुमचा कागद लिहिताना ते आपोआप म्हणतील की माझेही एकदा असे करायला हवे. हा डाव आहे असे तुम्हाला वाटेल. आहेच. पण तुमच्या पाटल्यांचा प्रश्नही खराच आहे, त्यामुळे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

त्यानंतर एक वही करा. तीत खात्यांची, ठेवींची, विम्याची, कर्जाची, कोणाकडून येणे आणि कोणाला देणे यांची नोंद असावी, मूळ कागद घरात कुठे आहेत ते लिहिलेले असावे. बचत खाते दोघांच्या नावे असू द्या आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ ही सोय त्यावर आहे ना, ते पासबुकावर पाहून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेव्हा जुने अर्ज या निमित्ताने नव्याने भरून घ्यावेत. यजमानांच्या मोबाइलचे कुलूप तुम्हाला उघडता आले पाहिजे, आणि ते गेल्यानंतर तो क्रमांक काही महिने चालू ठेवावा लागेल, कारण प्रत्येक ठिकाणचा ओटीपी त्यावरच येतो. एकट्याच्या नावाच्या खात्यातून मृत्यूनंतर एटीएम कार्डाने पैसे काढण्याचा मोह मात्र टाळावा. तो गैरव्यवहार ठरतो, आणि भावंडांत पहिली ठिणगी पुष्कळदा तिथेच पडते. जुन्या विसरलेल्या ठेवींची शंका असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर २०२३ पासून नावावरून शोध घेता येतो.

मृत्युपत्र झाल्यावर ते झाले आहे एवढे दोन्ही मुलांना यजमानांनी स्वतःच्या तोंडून सांगावे. मजकूर सांगायचा की नाही ते त्यांनी ठरवावे. माझे मत विचाराल तर सांगावा, विशेषतः वाटे सारखे नसतील तेव्हा. कमी मिळालेल्या मुलाला त्याचे कारण वडिलांकडून ऐकता येते, कागदाकडून ऐकता येत नाही.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीचे अखेरचे दिवस अतिदक्षता विभागात गेले. मला स्वतःसाठी तसे नको आहे. लिव्हिंग विल करण्याचा विचार आहे. मुलगा इथेच राहतो, मुलगी अमेरिकेत असते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे इच्छामरण झाले, तो गुन्हा आहे.’ मुलगी म्हणते, ‘मी येईपर्यंत कोणी काही बंद करायचे नाही.’ (ठाणे)

उत्तर : तुमच्या मुलाचा गोंधळ समजण्यासारखा आहे. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे आणि लिव्हिंग विलमध्ये तसे काही लिहिताच येत नाही. बरे होण्याची आशा नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार सुरू करू नयेत किंवा चालू असल्यास थांबवावेत, एवढेच त्यात सांगता येते. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले, त्याचाही या संदर्भात उल्लेख होतो. पण तो शुद्धीवर असलेल्या माणसाने त्या क्षणी घेतलेला निर्णय होता. लिव्हिंग विल ही आपल्याला बोलता येणार नाही अशा वेळेसाठी आधी केलेली तजवीज आहे.

या कायद्याचा माग महाराष्ट्रातच लागतो. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, कारण त्यांची वर्षानुवर्षे मायेने शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता. परंतु त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचा मार्ग प्रथमच खुला केला. याचिका करणाऱ्यांचे मत नोंदले गेले, परिचारिकांचे नोंदले गेले, डॉक्टरांचे नोंदले गेले. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण पंचविशीतल्या मुलीला असे काही कोण विचारणार? पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येतो असे म्हणून लिव्हिंग विलला मान्यता दिली.

२०१८ ची पद्धत फार किचकट होती, दंडाधिकाऱ्यांच्या सहीवाचून काम होत नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची असते. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे त्यात देता येतात. एक प्रत त्या व्यक्तींना, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबई महापालिकेने विभागवार आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम दिले आहे. तुम्ही ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा आणि प्रत दिल्याची पोच घ्या. वेळ येते तेव्हा रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, शक्यतो ४८ तासांत आपले मत देते आणि दुसरे मंडळ त्याची खातरजमा करते. मन बदलले तर हा कागद कधीही रद्द करता येतो.

कागदात काय लिहावे याविषयी एक सूचना. ‘व्हेंटिलेटर नको’ एवढेच लिहिलेत, तर न्यूमोनियासाठी चार दिवस लावून तुम्ही घरी चालत येण्याची शक्यता असतानाही डॉक्टर संभ्रमात पडतील. यंत्रांच्या याद्यांपेक्षा तुम्हाला कोणत्या अवस्थेत जगायचे नाही ते लिहा. माणसे ओळखू येणार नाहीत आणि ती ओळख परत येण्याची आशा नसेल तेव्हा नाकातून अन्नाची नळी हवी की नको? जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा रुग्णालयात न्यावे की घरी त्रास कमी करणारी औषधे द्यावीत? वेदना आणि धाप यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू राहावेत, हे मात्र आवर्जून नमूद करा.

यातला कठीण भाग नोटरीचा नाही, तुमच्या मुलीचा आहे. रात्री दोन वाजता धाप लागली की मुलगा १०८ ला फोन करणार, आणि अपघात विभागातला तरुण डॉक्टर नळी घालणार. त्याला तुमचा कागद ठाऊक नाही आणि वेळही नाही. दुसऱ्या दिवशी कागद दाखवून ती काढावी म्हटले की परदेशातून फोन येतो, ‘सगळे करा, काही कमी पडू देऊ नका.’ अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हा फोन चांगला परिचयाचा आहे. लांब राहणाऱ्या अपत्याला अपराधी वाटत असते आणि ते उपचारांच्या आग्रहातून बाहेर पडते, त्यात दुष्टावा काही नसतो. म्हणून सही करण्याआधी दोघा मुलांना एकाच वेळी समोर घ्या, मुलीला व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि पत्नीच्या अखेरच्या दिवसांत तुम्ही काय पाहिलेत ते सांगा. तुम्ही ते त्यांना कधी सांगितलेच नसेल, असा माझा अंदाज आहे. मुलगी ‘मी येईपर्यंत’ म्हणते त्याचाही विचार करा. दोन दिवस वाट पाहणे तुम्हाला मान्य असेल तर तसे स्पष्ट लिहा. तिच्यासाठी ती सवलत मोठी असेल आणि तुमच्या मूळ इच्छेला तिने बाध येत नाही. वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून दोघांचीही नावे घालावीत असे मला वाटते. एकाचेच घातले तर दुसऱ्याच्या लेखी तो कायमचा दोषी ठरतो.

प्रश्न : यजमानांना हृदयविकार आहे. त्यांच्या पश्चात माझे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांतले काहीही होऊ नये असे मला वाटते. पण हे आधी बोलायचे म्हणजे त्यांच्या मरणाचे चिंतन केल्यासारखे दिसेल. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. (इचलकरंजी)

उत्तर : तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. तेव्हा तुम्ही काही जगावेगळे मागत नाही.

पण हे तुम्ही सासूबाईंशी बोलू नका. यजमानांशी बोला, आणि त्यांनी आपल्या आईशी बोलावे. ‘माझ्यामागे हिच्या अंगावरचे काही उतरवायचे नाही, तिच्या हातात बांगड्या राहू द्या’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आईने एकदा ऐकलेले असले की भावकीतल्या कोणालाही त्यापुढे जाणे अवघड होते. एका चुलत जावेला किंवा नणंदेला विश्वासात घेऊन ठेवा, कारण प्रत्यक्ष त्या घटकेला तुम्ही कोणाशी वाद घालण्याच्या स्थितीत नसाल. तुमच्याभोवती जमणाऱ्या बायकांत ‘हे करायचे नाही’ असे ठामपणे म्हणणारी एक तरी बाई हवी. यजमानांनी ते दोन ओळींत लिहून सही केली तर अधिक चांगले. मृत्युपत्रात मात्र लिहू नका, कारण ते बहुधा तेरावा उरकल्यावर उघडले जाते आणि तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. दहाव्याचे पिंड, तेराव्याचे जेवण, देहदान, नेत्रदान यांविषयीच्या इच्छांनाही हेच लागू आहे. नेत्रदान तर सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि वडिलांनी अर्ज भरला होता हे मुलांना चौथ्या दिवशी कपाटात सापडल्यास त्याचा उपयोग नसतो.

सासूबाईंविषयी एक शंका मनात येते. त्यांनी स्वतः त्या दिवशी काय सोसले, हे त्यांना कोणी विचारले आहे का? जुन्या वळणाच्या बायका याबाबतीत आपल्याला वाटते तेवढ्या कठोर नसतात. यजमान बोलतील तेव्हा तुम्ही तिथे नसलात तर बरे, म्हणजे त्यांना मोकळेपणाने उत्तर देता येईल.